डोमा मास्तरच्या घडीचा हर्रास

मेलेल्या माणसाचा चष्मा अकरा रुपयांना विकला गेलेला मी पाहिला आहे. पाहिला काय, मीच विकला. टेबलावर लाकडी हातोडी आपटून, ‘एक वार, दोन वार, तीन वार’ असं घसा ताणून ओरडून विकला. घेणारा चामोर्शीचा कापडवाला होता आणि त्याचे डोळे ठणठणीत होते. त्यानं तो चष्मा तिथल्या तिथं नाकावर चढवून वाकुल्या दाखवल्या, लोक हसले, आणि मीही हसलो. इतकी वर्षं झाली, पण ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चष्मा होता डोमा मास्तरचा. आमच्या वैनगंगेकाठच्या सात गावांत पेटी वाजवणारा त्याच्या तोडीचा दुसरा माणूस नव्हता. जातीनं ढिवर. एरवी तळ्यात जाळं टाकायचा, आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायला लागली की दंडारीत पेटी धरायचा. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक. सूर्य बुडाल्यावर सुरू होतं आणि लोक उठत नाहीत तोवर चालतं. डोमानं पेटीवर पहिला सूर धरला की रडणारी पोरं गप्प बसायची. छप्पन साली भादव्यात त्याला ताप भरला आणि पाचव्या दिवशी तो गेला. मूलबाळ नव्हतं. मागं उरली बायको, गोकुळा.

तेराव्याच्या दिवशी भैयाजींनी मला आणि आणखी दोघांना तिच्या घरी पाठवलं. भैयाजी आमचे मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार. मालगुजारी जाऊन पाच वर्षं झाली होती, तळी सरकारजमा झाली होती, पण लोकांच्या तोंडातून ‘मालक’ जात नव्हतं आणि भैयाजींच्या अंगातूनही ते गेलं नव्हतं. त्यांनी ‘डोमा मास्तर स्मारक समिती’ काढली होती. अध्यक्ष ते, चिटणीस मी. मी गावातल्या प्राथमिक शाळेचा मास्तर, पत्रू गुरुजी. शाळा जनपद सभेची, म्हणजे तालुक्याच्या स्थानिक मंडळाची होती आणि जनपद सभेत भैयाजींचा शब्द चालायचा. मी चिटणीस कसा झालो, हे यावरून समजून घ्यावं.

आम्ही गोकुळाला सांगितलं की मास्तरच्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवायच्या आहेत, पुढच्या पिढीनं पाहाव्यात म्हणून. तिनं एका टोपलीत सगळं नीट मांडून दिलं. काळा कोट, टोपी, चष्मा, गाण्यांची वही, एक चांदीचं पदक आणि मनगटी घड्याळ. पेटी दंडार मंडळाची होती, म्हणून ती ढोलकीवाल्या मुखरूकडे राहिली. घड्याळ देताना गोकुळाचा हात जरा अडखळला, मग तिनं ते पदराच्या टोकानं पुसून कोटावर ठेवलं. आम्ही टोपली उचलून चालू लागलो.

दिवाळी आली तेव्हा मध्यप्रदेश जाऊन आम्ही मुंबई राज्यात आलो होतो आणि चार महिन्यांवर निवडणूक होती. भैयाजींना तिकीट हवं होतं. नागपूरहून पक्षाचे एक पुढारी आमची मंडई पाहायला येणार होते. काचेचं कपाट तोवर भैयाजींच्या डोक्यातून निघून गेलं होतं. त्याच्या जागी रंगमंच आला होता, पक्का, विटांचा, त्यांच्याच घरासमोरच्या पटांगणात. आणि त्यासाठी निधी म्हणून मंडईच्या दिवशी, पुढाऱ्यांच्या साक्षीनं, डोमा मास्तरच्या वस्तूंचा जाहीर हर्रास. गोकुळाला कोणी विचारलं नाही. तिच्यासाठी एक लुगडं आणि नारळ मात्र आणून ठेवला होता, सत्कार करायला. नवऱ्याच्या अंगावरचा कोट विकायचा आणि बायकोला लुगडं नेसवायचं, हा हिशेब ज्या डोक्यातून निघाला त्या डोक्याला मी तेव्हा वाकून नमस्कार करत होतो.

प्रत्येक वस्तूला एक कार्ड लावायचं ठरलं. ती कार्डं मी लिहिली. घड्याळाचं कार्ड भैयाजींनी स्वतः सांगितलं: ‘मा. भैयाजी यांजकडून कै. डोमा मास्तर यांस त्यांच्या कलेबद्दल सप्रेम भेट.’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भैयाजींनी घड्याळ दिलं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

हर्रासाच्या आदल्या दिवशी दुपारी गोकुळा शाळेत आली. पोरं जेवायला गेली होती. ती दारातच उभी राहिली आणि घड्याळावर काय लिहिलं ते तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. तिनं मान हलवली.

“ते घडी मी घेतली गुरुजी,” ती म्हणाली. “भैयाजीनं नाई.”

मग तिनं जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण तिनं ते फार थोडक्यात सांगितलं होतं.

पाच वर्षांमागं रामनवमीला भैयाजींच्या वाड्यावर गाण्याची बैठक होती. डोमाला पोहोचायला उशीर झाला. भरल्या बैठकीत भैयाजी म्हणाले की याला काय म्हणावं, ढिवराला सूर्य डोक्यावर आला की दुपार आणि बुडाला की रात्र, मधली वेळ याच्या बापानं कधी पाहिली होती का. लोक पोट धरून हसले. डोमानं खाली मान घालून पेटी वाजवली आणि घरी येऊन दोन दिवस जेवला नाही. गोकुळानं त्याला एका शब्दानं समजावलं नाही. तळी आटतात त्या दिवसांत आमच्याकडे मासोळी मुबलक निघते. ढिवरांच्या बाया ती वाळवतात आणि बाजारात विकतात. गोकुळानं दोन उन्हाळे आपल्या वाट्याची मासोळी वेगळी वाळवली, डोक्यावर टोपली घेऊन चामोर्शीचा बाजार केला, आणि तेवढ्या पैशांतून चांद्याहून घड्याळ आणवलं. दोन उन्हाळे ती नवं लुगडं नेसली नाही. घड्याळ डोमाच्या मनगटाला तिनंच बांधलं.

घड्याळ आल्यावरच्या पहिल्या रामनवमीला डोमा अर्धा तास आधी वाड्यावर गेला. बैठकीतल्या कोण्या पाहुण्यानं त्याच्या मनगटाकडे बोट दाखवून विचारलं, ढिवराच्या हातात घड्याळ कुठून आलं. डोमानं तोंड उघडायच्या आत भैयाजी लोडाला टेकून म्हणाले, आम्हीच दिलं. मालकाच्या बैठकीत मालकाला खोटं पाडायची आमच्याकडे रीत नव्हती. डोमानं हात जोडले आणि पेटी पुढं ओढली. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट गावभर झाली. डोमानं घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, राहू द्या, तुम्हाले त्याच्याच वाड्यावर वाजवा लागते. आणि तीन वर्षं ती गप्प राहिली.

“तो होता तवरी चाललं,” ती मला म्हणाली. “त्याचा कोट, टोपी, जे त्याचं होतं ते विका. मी आडवी येत नाई. पण ते घडी माही आहे, अन् लिहिलं ते खोटं आहे. तेवढं खोडून द्या.”

मी तिला सांगितलं की आजच भैयाजींच्या कानावर घालतो. ती गेली. मी कानावर घातलं नाही. संध्याकाळी भैयाजींच्या वाड्यावर गेलो, खुर्च्यांचं बोललो, गॅसबत्त्यांचं बोललो, पुढाऱ्यांच्या जेवणाचं बोललो, आणि परत आलो. कोणी म्हणेल, बायकोपोरांचा विचार केला असेल. केला होता. पण खरं सांगायचं तर भ्यालो, बस.

मंडईच्या दिवशी पटांगण फुलून गेलं होतं. सात गावांच्या बैलगाड्या लागल्या होत्या. पुढं खुर्च्यांवर पुढारी, भैयाजी, चामोर्शीचे व्यापारी, जंगलातला एक लाकडाचा ठेकेदार. त्यांच्यामागं शेतकरी, आणि डावीकडे खाली जमिनीवर सगळा ढिवरटोला, ढिवरांची अख्खी वस्ती, बसला होता. गोकुळा त्यांच्यात होती. सत्काराची खुर्ची तिनं नाकारली होती.

कोट गेला, टोपी गेली, पदक गेलं. चष्म्याचं सांगितलंच. गाण्यांची वही ठेकेदारानं घेतली, ज्याला मराठी वाचता येत नव्हतं. प्रत्येक बोलीला टाळ्या, प्रत्येक बोलीनंतर घेणारा पुढाऱ्यांकडे पाहून हसायचा. गोकुळा एका जागी बसून होती. माझी समजूत अशी की तिनं नाद सोडला. बरं झालं, असंही मनात आलं.

शेवटी घड्याळ. मी कार्ड मोठ्यानं वाचलं. हो, जसं लिहिलं होतं तसंच. भैयाजींनी मान जरा झुकवली, पुढारी टाळ्या वाजवू लागले. मी पहिली बोली मागितली.

गोकुळा उठून उभी राहिली.

“मी एक डाव याचं मोल देल्लं आहे,” ती म्हणाली. “दोन उन्हाळ्यांची सुकी मासोळी. हेच माही बोली. ज्याले याच्यावर द्याचं असन त्यानं द्यावं.”

 इथं ढिवरांची एक रीत सांगितली पाहिजे. सरकार दरसाल तळ्यांचा हर्रास करतं. ढिवरटोल्यातल्या एकानं बोली लावली की दुसरा ढिवर त्याच्यावर बोलत नाही, मग तळं कितीही भरलेलं असो. तळं सगळ्यांचं, बोली एकाची. म्हणून गोकुळा बोलली तसे टोल्यातली साठ-सत्तर माणसं माना खाली घालून बसली. शेतकऱ्यांतून तर कोणाचीच जीभ उचलली नाही. व्यापारी एकमेकांकडे पाहू लागले. कापडवाल्यानं चष्मा नाकावरून काढून खिशात घातला.

भैयाजी हसले. पुढाऱ्यांकडे वळून म्हणाले की बिचारीचं दुःख ताजं आहे, मनावर घेऊ नका. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “एकशे एक रुपये. आपलीच वस्तू आहे, आपल्याच घरी येऊ द्या. पुकारा गुरुजी.”

गोकुळा माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं माहीत होतं, मला सगळं माहीत होतं, आणि आम्हा दोघांना ते माहीत आहे हे भैयाजींनाही माझ्या तोंडावरून कळलं असणार. कारण ते दुसऱ्यांदा म्हणाले, “पुकारा.” आवाज चढवला नव्हता. तो चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे.

मी पुकारलं. एक वार. दोन वार. तीन वार. हातोडी आपटली.

त्या हातोडीचा आवाज विरायच्या आत ढिवरटोला उठला. कोणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. म्हाताऱ्या रुखमाबाईपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळे उठले, गोकुळाला मध्ये घेतलं, आणि पटांगणातून निघून गेले. भैयाजींनी घड्याळ मनगटाला बांधलं आणि पुढाऱ्यांना चहा प्यायला वाड्यावर नेलं.

सूर्य बुडाल्यावर दंडार होती, डोमा मास्तरच्या स्मरणार्थ. गॅसबत्त्या पेटल्या. सात गावांचे लोक बसले. पुढारी पहिल्या रांगेत येऊन बसले. आणि मांडवात कोणीच नव्हतं. पेटी नाही, ढोलकी नाही, झांजा नाहीत, नाचे नाहीत. दंडार मंडळात बारा माणसं होती आणि बाराच्या बारा ढिवर.

भैयाजींनी मला पाठवलं. मुखरू आपल्या अंगणात जाळं सांधत बसला होता. ढोलकी भिंतीला टांगलेली. मी सांगितलं की लोक खोळंबले आहेत, नागपूरचा पाहुणा आला आहे. मुखरूनं जाळ्यातून डोकं वर केलं नाही.

“आमच्यावर बोली चढवून बाहेरच्यानं तळं घेतलं, तं आमी त्याच्यासाठी जाळं टाकत नाई,” तो म्हणाला. “तळं त्याचं, मासोळी त्याची. त्यानंच काढावं. भैयाजीले सांगा, घडी घेतली ना, आता वाजवा म्हणावं.”

मी जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसातलं एवढंच एक काम मी सरळ केलं. पुढारी थोडा वेळ थांबले, मग त्यांनी मोटार काढायला सांगितली. लोकांच्या बैलगाड्या परत फिरल्या. त्या वर्षी सातही गावांत भैयाजींच्या शब्दावर दंडार उभी राहिली नाही. मंडई आली की मुखरूला बोलावणं जायचं, आणि मुखरू जाळं विणत बसलेला असायचा. नागपूरहून तिकिटाचं पत्र काही येईना.

पंधरा दिवसांनी भैयाजींनी मला बोलावलं. त्यांनी घड्याळ एका रेशमी रुमालात बांधून ठेवलं होतं, आणि दोऱ्यानं त्याला माझं कार्ड लटकवलं होतं. म्हणाले, हे त्या बाईला नेऊन द्या, सांगा की मालकांनी मोठ्या मनानं परत केलं, आणि मुखरूला म्हणावं पुढच्या मंडईला या. मला मोठं हायसं वाटलं. घड्याळ तिला मिळणार, भैयाजींचं तोंड राहणार, माझीही सुटका. वाटेत तर मला असंही वाटू लागलं होतं की यात माझा थोडा हात आहे.

गोकुळा अंगणात चटईवर झिंगे पसरत होती. मी रुमाल सोडून घड्याळ तिच्यापुढं धरलं. तिनं हात पुसले, पण घेतलं नाही. दोऱ्याला लटकणाऱ्या कार्डाकडे बोट दाखवलं.

“काय लिहिलं आहे थे वाचा.”

तिला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलं आहे ते तिला पाठ होतं. मी तोंडातल्या तोंडात वाचलं. तिनं ऐकून घेतलं.

“आजवरी भैयाजी खोटा होता,” ती म्हणाली. “आता मी हे हातात घेतली का तो खरा होते. त्यानं देल्ली, मी घेतली. तुमचं लिहिलेलंबी खरं होते. मंग माहे दोन उन्हाळे कुठी गेले, गुरुजी?”

 ती खाली बसून पुन्हा झिंगे पसरू लागली.  आयुष्यात मला अनेकांनी बोल लावले, साहेबांनी लावले, सासऱ्यानं लावले. पण असा राग कधी आला नव्हता, आणि तो तिचा नव्हता. ज्या माणसानं भर बैठकीत एका बाईचे दोन उन्हाळे आपल्या नावावर करून घेतले, आणि ते परत देतानाही दान म्हणून दिले, त्याचा राग होता. आणि त्याच्यापेक्षा जास्त, त्याच्यासाठी ओळीत मोत्यासारखी अक्षरं मांडणाऱ्याचा.

मी परत वाड्यावर गेलो. बैठकीत पाच-सात माणसं होती, तलाठी होता, कापडवालाही होता. भैयाजींनी भुवया उंचावून विचारलं, घेतलं का. मी म्हणालो, नाही. मग त्यांच्याच डेस्कासमोर बसलो, त्यांचीच दौत जवळ ओढली, आणि कार्डावरची ओळ आडवी रेघ मारून खोडली. त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. त्यांनी माझं नाव घेतलं, मग नोकरीचं नाव घेतलं. घाईत अक्षर वाईट आलं. लिहून झाल्यावर मी ते बैठकीला वाचून दाखवलं, घड्याळ आणि कार्ड उचललं आणि बाहेर पडलो. मला कोणी अडवलं नाही. अडवायला उठावं तर पाच-सात जणांपुढं त्या ओळीवर बोलावं लागलं असतं. माझी बदली महिन्याभरात झाली, सिरोंच्याकडे, जिथं पोरं तेलुगू बोलायची आणि मला ओ की ठो कळायचं नाही.

पण त्या दिवशी मी वाड्यावरून थेट ढिवरटोल्यात गेलो. गोकुळानं मला पुन्हा आलेलं पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. मी कार्ड पुढं धरून वाचलं:

‘हे घड्याळ गोकुळाबाईनं सुकी मासोळी विकून आपल्या नवऱ्यासाठी घेतलं. वरचं लिहिलेलं खोटं आहे. लिहिणारा तोच.’

तिनं घड्याळ घेतलं आणि कानाशी धरलं. पंधरा दिवस कोणी चावी दिली नव्हती, ते बंद पडलं होतं. मग तिनं मुखरूच्या अंगणाकडे पाहिलं, जिथं तो आणि आणखी दोघं-तिघं जाळी सोडून उभे राहिले होते.

“आणखी एक डाव वाचा,” ती म्हणाली. “जोरानं. हर्रास पुकारला तसं.”

मी घसा खाकरला आणि पुन्हा वाचलं.